प्यादं कमी, तरी +1.2? बुद्धिबळाच्या इंजिनाचा आकडा कसा बदलत गेला

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सर, मुलगा अकरा वर्षांचा, रेटिंग पंधराशेच्या आसपास. मी स्वतः कॉलेजात असताना, 2001-02 च्या सुमारास, फ्रिट्झ या बुद्धिबळाच्या सॉफ्टवेअरवर खेळायचो. तेव्हा +1 म्हणजे एका प्याद्याने पुढे, हे सरळ होतं. परवा मुलाचा डाव मोबाइलवर स्टॉकफिश या इंजिनाला, म्हणजे डाव तपासणाऱ्या प्रोग्रामला, दाखवला. मुलगा पांढऱ्याने खेळतोय, एका प्याद्याने मागे आहे, काळ्याचा राजा अजून मध्यात आहे, आणि मशीन म्हणतं पांढरा +1.2. जुनं सॉफ्टवेअर चुकत होतं की नवं काहीतरी वेगळंच मोजतं? आणि त्याला ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप घ्यावा का?"

लॅपटॉपचं आधी सांगून टाकतो: नको. कारण ओघात येईल.

पहिला प्रश्न विचारल्याबद्दल मात्र तुम्हाला एकदा मिसळ खिलवायला हवी. नाशिकमध्ये मी सत्तावीस वर्षं मुलांना बुद्धिबळ शिकवतोय. पालक विचारतात कुठलं इंजिन चांगलं, डेप्थ (किती चाली पुढचं बघायचं) किती लावू, आपल्या नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी काय वापरतो. पडद्यावरचा आकडा नेमका कशाचा आहे, हे विचारणारे दोन-तीनच भेटले. मुलांचं तर विचारूच नका. ती त्या आकड्याकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखी बघतात.

तुमचं फ्रिट्झ चुकत नव्हतं आणि आजचं स्टॉकफिशही चुकत नाही. माप बदललंय. आजी "दहा तोळे" म्हणाली तर तिचा तोळा साडेअकरा ग्रॅमच्याही वर होता. आज सराफ बाजारात तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम. शब्द तोच, वजन वेगळं. इथे तर फरक त्याहून मोठा आहे. पूर्वीचा +1 प्याद्यांत होता, आजचा +1 जिंकण्याच्या शक्यतेत आहे. हे एका रात्रीत झालेलं नाही, म्हणून जरा मागून येतो.

प्याद्यांतलं माप क्लॉड शॅननचं. बेल लॅब्जमधल्या या गणितज्ञाने 1949 मध्ये कॉम्प्युटरने बुद्धिबळ कसं खेळावं यावर निबंध वाचला, तो 1950 मध्ये छापून आला. त्यात त्याने एक सूत्र दिलंय. वजीर 9, हत्ती 5, उंट आणि घोडा 3-3, प्यादं 1. दुहेरी झालेलं, एकटं पडलेलं किंवा मागे राहिलेलं प्यादं असेल तर प्रत्येकी अर्धा गुण वजा. करता येण्याजोग्या प्रत्येक चालीमागे 0.1 अधिक. राजाला 200, म्हणजे तो गेला की बाकीच्या हिशोबाला अर्थ नाही. आपली बेरीज वजा समोरच्याची बेरीज, झाला आकडा तयार. तुमच्या फ्रिट्झमधलं सूत्र याहून कितीतरी गुंतागुंतीचं होतं, पण घराणं हेच.

त्याच लेखात शॅननने आणखी एक हिशोब मांडला. डाव साधारण 40 चालींचा धरला तर शक्य डावांची संख्या 1 वर 120 शून्यं इतकी होते. म्हणजे सगळं बघून खेळणं विसरा. मग दोन वाटा उरतात: ठरावीक खोलीपर्यंत सगळ्याच चाली तपासायच्या, नाहीतर माणसासारख्या मोजक्या चाली निवडून त्यांतच खोल जायचं. शॅननचा ओढा दुसऱ्या वाटेकडे होता. पुढची कित्येक दशकं मात्र पहिलीच वाट गाजली, आणि 2017 मध्ये दुसरी वेगळ्याच वेशात परत आली. ते पुढे सांगतो.

अ‍ॅलन ट्यूरिंग या ब्रिटिश गणितज्ञाची तऱ्हा आणखी न्यारी. त्याच्याकडे प्रोग्राम होता, पण तो चालवू शकेल असं मशीन नव्हतं. म्हणून 1952 मध्ये त्याने स्वतःच मशीन होऊन, कागदावर आकडेमोड करत, एकेका चालीला अर्धा-अर्धा तास घालवत एका सहकाऱ्याशी डाव खेळला. 29 चालींत प्रोग्राम हरला. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांना तेच करायला लावलं. शॅननचं सूत्र फळ्यावर लिहिलं, दोघं झाले कॉम्प्युटर, बाकीची माणसं. दुसऱ्याच चालीला कॉम्प्युटरने वजीर बाहेर काढला, कारण वजीर बाहेर आला की चाली वाढतात आणि दर चालीला 0.1 मिळतो! मग माणसं घोडे-उंट काढत त्या वजिराला पटभर पळवत सुटली. सूत्र लिहिणाऱ्याला जे सुचलं नाही ते मशीनलाही सुचत नाही, हे त्या दुपारी पोरांना मी न सांगता कळलं.

सूत्र हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे शोध: मी हे केलं, त्याने ते केलं, मग मी हे, असं किती पुढचं बघायचं. इथली सगळ्यात मोठी युक्ती अल्फा-बीटा. समजा तुमच्या मनात एक चाल आहे. समोरच्याकडे तीस उत्तरं आहेत आणि दुसऱ्याच उत्तरात तुमचा हत्ती फुकट जातो. मग उरलेली अठ्ठावीस उत्तरं कशाला बघायची? चाल बाद, पुढे चला. गंमत अशी की यात वेळ वाचतो आणि अंतिम उत्तरात पैचाही फरक पडत नाही. चांगल्या चाली आधी तपासल्या तर तेवढ्याच वेळात जवळजवळ दुप्पट खोल जाता येतं. आजचं प्रत्येक नावाजलेलं इंजिन "आधी कुठली चाल तपासू" याच प्रश्नावर जीव तोडून काम करतं.

दुसरी युक्ती वहीची. वेगवेगळ्या क्रमाने खेळून पट, म्हणजे मोहऱ्यांची मांडणी, तोच आला, तर पुन्हा का मोजायचं? रिचर्ड ग्रीनब्लॅटच्या एमआयटीतल्या मॅक हॅक प्रोग्रामने 1967 मध्येच ही वही ठेवली होती. इंजिनच्या सेटिंगमध्ये "हॅश" म्हणून जी एमबी विचारतात, ती याच वहीची पानं. स्टॉकफिशमध्ये ती मुळात 16 एमबी असते. तेवढी वाढवून 512 किंवा 1024 करा. नव्या लॅपटॉपपेक्षा स्वस्त पडतं.

सत्तर-ऐंशीच्या दशकाबद्दल फार लांबण लावत नाही. ब्रिटिश खेळाडू डेव्हिड लेव्हीने 1968 मध्ये पैज लावली होती की दहा वर्षांत कुठलाही कॉम्प्युटर मला हरवू शकणार नाही. 1978 मध्ये चेस 4.7 या प्रोग्रामला हरवून त्याने ती जिंकली. पण जिंकतानाच त्याला कळलं असणार की पुढची पैज लावण्यात शहाणपण नाही. युनिक्सवाल्या केन थॉम्पसनने जो कॉन्डनबरोबर बेल नावाचं खास बुद्धिबळाचंच यंत्र बनवलं. ते सेकंदाला दीड लाखाच्या वर पट तपासायचं आणि 1983 मध्ये अमेरिकेत मास्टरच्या दर्जाला पोहोचलं. चाली निवडण्याची हुशारी नको, वेग द्या, असा तो काळ होता.

त्या वाटेचं टोक म्हणजे आयबीएमचं डीप ब्लू. 1996 मध्ये फिलाडेल्फियात जगज्जेत्या कास्पारोव्हने पहिला डाव गमावूनही सामना 4-2 असा जिंकला. मे 1997 मध्ये न्यूयॉर्कला सुधारलेल्या डीप ब्लूने त्याला 3.5-2.5 ने हरवलं. वेग इतका की ते सेकंदाला 20 कोटी पट तपासायचं. सगळे सहावा डाव सांगतात, ज्यात कास्पारोव्ह 19 चालींत संपला. मी मुलांना दुसरा डाव दाखवतो. त्यात मशीनने घाईने प्यादी खायची सोडून शांतपणे समोरच्याच्या वाटा बंद केल्या. कास्पारोव्ह हादरला आणि शेवटी त्याने डाव सोडला. नंतर विश्लेषणात निघालं की ज्या पटावर त्याने डाव सोडला, तिथे सततच्या शहांनी बरोबरीची वाट होती. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूने ती शोधलीच नाही, कारण मशीनने एवढी साधी गोष्ट सुटू दिली असेल असं त्याला वाटलं नाही. तुमचा मुलगा आणि तो आकडा, यांच्या नात्याबद्दल मला जे सांगायचंय ते बहुतेक या एका प्रसंगात येतं.

आता तुमच्या-माझ्या फ्रिट्झकडे. हॉलंडच्या फ्रान्स मोर्शचं इंजिन, हॅम्बुर्गच्या चेसबेसने 1991 मध्ये बाजारात आणलं. 1994 मध्ये म्युनिकच्या ब्लिट्झ (झटपट डावांच्या) स्पर्धेत फ्रिट्झ 3 ने कास्पारोव्हला एक डाव हरवला तेव्हा घरातल्या पीसीवरचं बुद्धिबळ म्हणजे खेळणं राहिलं नाही. फ्रिट्झच्या वेगामागे "नल मूव्ह" ही कल्पना होती. मशीन मनातल्या मनात म्हणतं: समज, मी माझी चाल सोडून दिली, तुला सलग दोन चाली दिल्या. तरीही तुझं काही साधत नसेल तर इथे माझं बरं चाललंय, जास्त खोल बघायला नको. बुद्धिबळात पास म्हणायची सोय नाही, म्हणूनच ही युक्ती चालते. आणि म्हणूनच ती फसतेही. प्यादी आणि राजे उरलेल्या एंडगेममध्ये पुष्कळदा "माझी चाल नसती तर बरं झालं असतं" अशी वेळ येते. ज्याची चाल तो मेला. अशा पटांवर नल मूव्हचा तर्कच उलटा पडतो, म्हणून इंजिनं तिथे ती बंद ठेवतात किंवा जपून वापरतात.

माझा तेव्हाचा पीसी सिडकोतून जोडून घेतलेला. भारनियमनाच्या दिवसांत रात्रभर विश्लेषण लावून ठेवायचं म्हणजे जुगार. यूपीएस पंधरा मिनिटं टिकायचा. पहाटे उठून बघावं तर पडदा काळा. एकदा मात्र वीज टिकली आणि चांगला धडा मिळाला. एका विद्यार्थ्याचा डाव होता. त्याच्याकडे दोन प्यादी जास्त, पण दोघांचे उंट वेगवेगळ्या रंगाच्या घरांवरचे. समोरच्याने राजा आणि उंट असे मांडले होते की प्यादी पुढे सरकूच शकत नव्हती. फ्रिट्झ रात्री +2 च्या जवळपास आकडा दाखवत होतं, सकाळीही तेवढाच, दुसऱ्या रात्रीनंतरही तेवढाच. पोरगा हट्टाला पेटलेला: "सर, मशीन म्हणतं मी जिंकत होतो." मशीन तसं म्हणतच नव्हतं. ते म्हणत होतं, तुझी दोन प्यादी जास्त आहेत. ते आम्हालाही दिसत होतं! आकडा तासन् तास जागचा हलत नसेल तर समोर भिंत आहे, ही खूण मी तेव्हापासून मुलांना सांगतो. आजच्या इंजिनांनाही ती कधीमधी लागू पडते.

अशा ठिकाणी शेवटचा शब्द टेबलबेसचा. हा अंदाज नसतो, शेवटापासून मागे मोजत काढलेला पक्का निकाल असतो. राजे धरून पाच मोहऱ्यांपर्यंतच्या सिझिजी (टेबलबेसचा एक प्रकार) फायली साधारण 1 जीबीत बसतात, सहाच्या 150 जीबीच्या आसपास, सातच्या 17 टीबीच्या घरात. सात मोहऱ्यांमध्ये 549 चालींनी मात होते असाही एक पट सापडलाय. त्याच्याकडे बघून माणसाला काहीही बोध होत नाही. सात मोहऱ्यांपर्यंतचं उत्तर ऑनलाइन फुकट मिळतं, म्हणून हार्ड डिस्क भरत बसू नका.

2005 मध्ये दोन गोष्टी घडल्या. फाब्यां लतुझेच्या फ्रूट या इंजिनाचा सोर्स कोड खुला मिळाला आणि तो सगळ्यांनी वाचला. त्याच वर्षाच्या अखेरीस रिब्का हे इंजिन आलं आणि बाकीच्यांना कितीतरी मागे टाकलं. पुढे 2011 मध्ये इतरांचा कोड वापरल्याचा ठपका येऊन त्याची जगज्जेतेपदं काढून घेतली गेली. तो वाद अजून मिटलेला नाही. माणसांच्या बाजूने बोलायचं तर 2006 मध्ये बॉनला तेव्हाचा जगज्जेता क्रामनिक डीप फ्रिट्झकडून 4-2 असा हरला, त्यात एका डावात त्याला एका चालीतली मात दिसली नाही. त्यानंतर माणूस विरुद्ध मशीन ही चर्चा हळूहळू थांबलीच.

आणि 2008 मध्ये स्टॉकफिश. टोर्ड रोमस्टाड या नॉर्वेच्या माणसाचं ग्लाउरुंग इंजिन घेऊन इटलीच्या मार्को कोस्टाल्बाने पुढे वाढवलं. नाव का, तर स्टॉकफिश हा सुकवलेला मासा नॉर्वेत वाळवतात आणि इटलीत शिजवतात. आपल्या सुक्या बोंबलाचा लांबचा भाऊ म्हणा. 2013 पासून त्यांनी फिशटेस्ट नावाची व्यवस्था सुरू केली. कोणीही कोडमध्ये सुधारणा सुचवावी, मग जगभरातल्या हौशी लोकांच्या कॉम्प्युटरवर जुनं आणि नवं हजारो डाव एकमेकांशी खेळतात. फायदा आकडेवारीने सिद्ध झाला तरच सुधारणा आत. मोठमोठ्यांच्या सुंदर कल्पना तिथे नापास होतात आणि कुणा अनोळखी माणसाची एका ओळीची दुरुस्ती पास होते. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात डीप ब्लूपेक्षा मोठी गोष्ट ही. डीप ब्लू सामना जिंकल्यावर बंद झालं, स्टॉकफिश तुमच्या खिशात आहे.

एवढं होऊनही आकडा अजून प्याद्यांतलाच होता. सूत्र माणसांनीच लिहिलेलं, फक्त फार घासून-पुसून घेतलेलं.

डिसेंबर 2017 मध्ये गूगलच्या डीपमाइंडने अल्फाझीरो जाहीर केलं. त्याला नियम सोडून काहीही शिकवलं नव्हतं. ना प्याद्याची किंमत, ना ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या ठरीव चाली. ते स्वतःशी लाखो डाव खेळत शिकलं, आणि काही तासांच्या शिक्षणानंतर स्टॉकफिश 8 शी 100 डावांत 28 जिंकलं, 72 बरोबरीत, पराभव एकही नाही. सामन्याच्या अटींवर तेव्हा बरीच कुरबुर झाली, ती अगदीच अनाठायी नव्हती. पण मला थक्क केलं ते दुसऱ्या आकड्यांनी. स्टॉकफिश सेकंदाला 7 कोटी पट बघत होतं, अल्फाझीरो 80 हजार. शॅननची दुसरी वाट ती हीच: थोडं बघायचं, पण नेमकं बघायचं. अल्फाझीरोने काय केलं? प्यादी दिली, मोहरे मोकळे केले, एच-प्यादं (पटाच्या कडेचं) समोरच्याच्या राजाच्या अंगावर ढकलत नेलं. ते सगळं बघून मोठ्या खेळाडूंच्या डावांतही एच-प्यादं धावू लागलं, आणि वर्षभरात माझ्या गंगापूर रोडच्या वर्गातली आठ वर्षांची मुलंही ते ढकलून हरू लागली.

अल्फाझीरो कधी विकत किंवा फुकट मिळालं नाही. त्याच कल्पनेवर 2018 मध्ये हौशी लोकांनी लीला चेस झीरो उभं केलं. लीलाचं मोठं न्यूरल नेटवर्क, म्हणजे सूत्राऐवजी डावांतून स्वतःच शिकलेला हिशोब, जोमाने चालवायला ग्राफिक्स कार्ड लागतं, लॅपटॉपवाल्या दुकानदाराने तुम्हाला सांगितलं असेल ते इथून आलंय. पण त्याच वर्षी जपानमध्ये यू नासू यांनी शोगीसाठी, म्हणजे जपानी बुद्धिबळासाठी, एनएनयूई नावाचं छोटं नेटवर्क तयार केलं. कल्पना किराणा दुकानदाराची आहे. तुम्ही यादीतली एक वस्तू परत केलीत तर तो पूर्ण बिल नव्याने मांडत नाही, तेवढी रक्कम वजा करून दुसरी मिळवतो. बुद्धिबळात एका चालीत एक-दोन मोहरेच हलतात, म्हणून नेटवर्कची बेरीजही तेवढीच दुरुस्त करायची. त्यामुळे ते साध्या प्रोसेसरवर भन्नाट वेगाने चालतं. सप्टेंबर 2020 मध्ये स्टॉकफिश 12 मध्ये ते आलं. शोधाचा वेग जुनाच, निर्णयाची समज नवी. पुढे तर माणसांनी लिहिलेलं ते घासून-पुसून घेतलेलं सूत्र कोडमधून काढूनच टाकलं. शॅननचं घराणं तिथे संपलं. म्हणून म्हटलं, ग्राफिक्स कार्ड नको. साध्या लॅपटॉपवर आज जे फुकट चालतं ते तुमच्या मुलाच्याच काय, विदितच्या डावातल्या चुकाही दाखवतं. 2023 मध्ये ग्रँड स्विस जिंकून 2024 च्या कँडिडेट्सला (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेला) जाणारा, तिथे अमेरिकेच्या नाकामुराला दोनदा हरवणारा खेळाडू ज्या पातळीवर तयारी करतो, तिथे भाड्याचे सर्व्हर लागतात. पंधराशेला लागत नाहीत.

आता मुद्द्याचं. प्याद्याची किंमतच कोणी सांगितलेली नाही अशा नेटवर्कचा आकडा प्याद्यांत कसा सांगायचा? काही काळ तो नुसताच फुगलेला दिसायचा. साध्या आघाडीलाही मोठमोठे आकडे. डिसेंबर 2022 मध्ये स्टॉकफिश 15.1 ने माप नव्याने बांधलं. आता +1.00 चा अर्थ असा: दोन्ही बाजूंनी स्टॉकफिशच खेळत असेल, वेळ भरपूर असेल, तर इथून ही बाजू जिंकण्याची शक्यता 50 टक्के. उरलेलं बहुतेक सगळं बरोबरीत. प्याद्याचा उल्लेखच नाही.

म्हणून तुमच्या पटावर एक प्यादं कमी असून +1.2 दिसतं. समजा जुन्या फ्रिट्झने हाच पट कसा मोजला असता: प्यादं कमी, उणे 1. काळ्याचा राजा मध्यात, त्याचे अधिक 0.4. आपले मोहरे बाहेर, अधिक 0.3. म्हणजे उणे 0.3 च्या आसपास, जोवर शोधात एखादा ठोस हल्ला सापडत नाही तोवर. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, फ्रिट्झच्या आतले नाहीत. नेटवर्क अशी बेरीज करत नाही. अशा पटांचं पुढे काय झालं हे त्याने अगणित डावांतून पाहिलंय, आणि ते सांगतं: माझ्यासारखे दोघं खेळले तर पांढरा अर्ध्याहून जास्त वेळा जिंकेल.

"माझ्यासारखे दोघं" हे शब्द अधोरेखित करा. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटने 2300 रेटिंगच्या खेळाडूंच्या डावांवरून काढलेलं एक सूत्र आहे. त्यात +1 ला जिंकण्याची शक्यता 59 टक्क्यांच्या आसपास येते, आणि तिथे समसमान पट म्हणजे 50. म्हणजे 2300 वाल्यांच्या हातातही +1 ही थोडीशीच आघाडी. पंधराशेच्या दोन मुलांमध्ये, घड्याळात चार मिनिटं उरलेली असताना, ज्याला पुढची चाल समजते त्याची बाजू वरचढ. तुमच्या मुलाचा +1.2 हा त्याच्यासाठी +1.2 नाहीच.

डेप्थचंही तेच. तुमच्या काळी डेप्थ 14 ला जो घाम फुटायचा, तो आठवून आजची 30 बघून हुरळू नका. आजची इंजिनं यादीत मागे पडलेल्या चाली मुद्दाम उथळ बघतात आणि मोजक्याच खोल नेतात, त्यामुळे जुनी 14 आणि नवी 30 एका तराजूत घालता येत नाहीत.

मी वर्गात काय करतो ते सांगतो, पटलं तर घ्या. डाव संपल्यावर पहिला दिवस इंजिन बंद. मुलाने वहीत लिहायचं: कुठे घाबरलो, कुठे वेळ गेला, कुठे वाटलं की जिंकलो. मग इंजिन उघडायचं, तेही एका वेळी तीन चाली दाखवेल असं लावून. पहिल्या आणि दुसऱ्या चालीत फरक थोडा असेल तर निवांत पुढे जा, दोन्ही चालतात. पहिली +1.2 आणि दुसरी उणे 0.5 असेल तर ती दोरीवरची कसरत आहे, तिथे थांबायचं. तुमचा पट मी लावून बघितला. तो दोरीवरचाच आहे. पांढऱ्याने हत्ती लगेच मधल्या ई-पट्टीवर आणला तर काळ्याच्या राजाला कॅसलिंग (हत्तीच्या आडोशाला कडेला जाणं) करायला उसंत मिळत नाही. एक चाल इकडेतिकडे केली की राजा कोपऱ्यात जातो आणि मग खरोखरच फक्त प्यादं कमी उरतं. आणि हो, इंजिनमध्ये जिंकणं, बरोबरी, हरणं असे तीन आकडे वेगळे दाखवायची सोय असते, ती सुरू करा. मुलांना "शंभरातले इतके" पटकन कळतं, +1.2 कळत नाही.

फ्रिट्झची जुनी सीडी कपाटात असेल तर टाकू नका. कुठल्यातरी जुन्या विंडोजवर ती चालवता आली तर तिला हाच पट द्या आणि दोन्ही आकडे वहीत शेजारीशेजारी लिहा. मग मुलाला पांढऱ्याने बसवून फ्रिट्झशी तिथून पुढे खेळू द्या, दोघांना पंधरा-पंधरा मिनिटं. नाहीच चालली तर काळ्याने तुम्हीच बसा. तीन-चार वेळा खेळा. पांढऱ्याचा हल्ला कितव्या चालीला विझतो ते बघा, आणि ते डाव घेऊन रविवारी वर्गावर या.